अंतरसूत्र, वैश्लेषिक भूमितीतील

प्रतलातील दोन बिंदूंचे सहनिर्देशक दिले असता त्या बिंदूंना जोडणाऱ्या रेषाखंडाची लांबी काढण्याच्या सूत्रास अंतरसूत्र म्हणतात. परस्परांस लंब असणारे अक्ष घेतले आणि क या बिंदूचे सहनिर्देशक (क्ष, य) व ख या बिंदूचे (क्ष′, य′) असले, तर कख = √[(क्ष′ − क्ष)² + (य′ − य)²] असे हे सूत्र आहे. उदा., (२, ३) व (−४, ११) या बिंदूंच्या सहनिर्देशकांतील फरक ६ व ८ असल्याने त्यांमधील अंतर √(३६ + ६४) म्हणजे १० एकक येते. क मधून क्ष-अक्षास व ख मधून य-अक्षास समांतर रेषा काढल्या म्हणजे त्या ग (क्ष′, य) या बिंदूत काटकोनात छेदतात आणि कगख या काटकोन त्रिकोणास पायथागोरस यांचे प्रमेय लावले की सूत्र मिळते. अक्षांमधील कोन काटकोन नसून ω असेल, तर वर्गमूळाखालील राशीत २(क्ष′ − क्ष)(य′ − य) कोज्या ω हे पद मिळवावे लागते.

सिद्धता एवढी अल्प असल्यामुळे हे सूत्र प्रमेयाइतकेच जुने असावे किंवा निदान रने देकार्त यांनी वैश्लेषिक भूमितीचा पाया घातला त्याच वेळी ते सिद्ध झाले असावे, असा समज क्रमिक पुस्तकांमुळे रूढ झाला आहे. वस्तुस्थिती तशी नाही. प्रमेयाचा आशय माणसास सुमारे पावणेचार हजार वर्षे ज्ञात आहे. सूत्र मात्र स्वतंत्रपणे छापलेले आढळते ते १७३१ मध्ये, म्हणजे देकार्त यांच्या ग्रंथानंतर ९४ वर्षांनी. या विलंबाची कारणे गणिताच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत.

प्राचीन काळ : बॅबिलोनियातील इ. स. पू. सु. १८०० ते १६०० या काळातील दोन मृत्तिका-इष्टिका या संदर्भात प्रसिद्ध आहेत. येल विद्यापीठाच्या संग्रहातील इष्टिकेवर कर्णांसह एक चौरस कोरलेला असून बाजू ३० व कर्ण ४२. २५, ३५ (षष्टिमान पद्धतीत) असे आकडे त्यावर आहेत. त्यावरून २ च्या वर्गमूळाचे १·४१४२१३ हे सहा अंकांपर्यंत विश्वसनीय मूल्य तेथील लेखनिकांना माहीत होते, हे स्पष्ट होते. कोलंबिया विद्यापीठातील ‘प्लिंप्टन ३२२’ या इष्टिकेवर काटकोन त्रिकोणाच्या बाजूंच्या पूर्णांकी मूल्यांची सारणी आहे. तीतील एका ओळीवरून १२,७०९, १३,५०० व १८,५४१ हे त्रिकूट मिळते. एवढ्या मोठ्या संख्या केवळ चाचपडत सापडणे शक्य नाही.

भारतात यज्ञवेदींच्या रचनेसाठी लिहिल्या गेलेल्या शुल्बसूत्रांत आयताच्या कर्णरज्जूवरील चौरसाचे क्षेत्रफळ दोन्ही बाजूंवरील चौरसांच्या क्षेत्रफळांच्या बेरजेइतके असते, असा सर्वसाधारण नियम दिलेला आहे. बौधायन शुल्बसूत्रात २ च्या वर्गमूळासाठी १ + १/३ + १/(३×४) − १/(३×४×३४), म्हणजे ५७७/४०८ हे मूल्य येते व ते पाच दशांश स्थळांपर्यंत बरोबर आहे. यूक्लिड यांच्या मूलतत्त्वे या ग्रंथात (इ. स. पू. सु. ३००) पहिल्या भागातील ४७ वे विधान म्हणून प्रमेयाची तर्कशुद्ध सिद्धता आहे. मात्र शुल्बकार असोत वा ग्रीक भूमितिज्ञ असोत, त्यांचा नियम क्षेत्रफळांविषयी आहे, संख्यांविषयी नाही. यूक्लिड यांच्या दृष्टीने ‘बाजूचा वर्ग’ ही बाजूवर प्रत्यक्ष काढलेली चौरसाकृती होय. दोन रेषाखंडांचा गुणाकार हा आयत असतो आणि त्यातून पुन्हा रेषाखंड मिळत नाही. या बंधनामुळे लांबी ही बेरीज-वजाबाकी-वर्गमूळ यांनी मिळणारी संख्या आहे, ही कल्पना ग्रीक भूमितीत रुजू शकली नाही. तिसऱ्या शतकातील ॲपोलोनियस यांनी (इ. स. पू.) शांकवांच्या अभ्यासात व्यास व त्याला अनुबद्ध असणाऱ्या जीवा यांचा उपयोग सहनिर्देशकांसारखा केला; परंतु त्यांचे अक्ष हे वक्रासोबत येतात, वक्रापूर्वी मांडलेले नसतात.

भास्कराचार्य व ऋण अबाधा : क्षेत्रगणिताचे अंकगणितात रूपांतर करण्याच्या बाबतीत भारतीय परंपरा ग्रीकांपेक्षा मोकळी होती. भास्कराचार्य यांच्या लीलावती (११५०) या ग्रंथातील क्षेत्रव्यवहार प्रकरणात भुज, कोटी व कर्ण या काटकोन त्रिकोणाच्या तीन बाजू सरळ संख्या म्हणून येतात. ३२ हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडून त्याचे टोक बुंध्यापासून १६ हातांवर टेकले, तर तो किती उंचीवर मोडला, हे उदाहरण (उत्तर १२ हात) पिढ्यान् पिढ्या पाठ केले गेले आहे. सहनिर्देशकांच्या मराठी परिभाषेत क्ष-सहनिर्देशकास भुज व य-सहनिर्देशकास कोटी असे म्हणतात, ते याच परंपरेतून घेतलेले शब्द होत.

वर्गांची बेरीज पूर्ण वर्ग नसेल तर काय करावे, याचेही विवेचन लीलावतीत आहे. भुज व कोटी प्रत्येकी ३ १/४ असतील, तर कर्णाचा वर्ग १६९/८ येतो. अंश व छेद यांच्या १,३५२ या गुणाकारास १०,००० ने गुणून येणाऱ्या १,३५,२०,००० या संख्येचे आसन्न वर्गमूळ ३,६७७ घ्यावयाचे व त्यास १०० आणि ८ यांच्या गुणाकाराने, म्हणजे ८०० ने भागावयाचे. उत्तर ४ ४७७/८०० येते. खऱ्या मूल्याशी त्याचा फरक एक दशसहस्रांशाहूनही कमी आहे. १०,००० ऐवजी याहून मोठी वर्गसंख्या घेतली की हवी तितकी सूक्ष्मता साधता येते.

याहून लक्षणीय असे उदाहरण त्रिकोणाच्या अबाधांचे आहे. शिरोबिंदूपासून पायावर टाकलेल्या लंबामुळे पायाचे जे दोन खंड होतात त्यांना अबाधा म्हणतात. ज्या त्रिकोणाचा पाया ९ आणि उरलेल्या बाजू १० व १७ आहेत त्याच्या अबाधा भास्कराचार्य काढतात. रीतीप्रमाणे बाजूंच्या वर्गांतील १८९ हा फरक ९ ने भागला की २१ येतात. ते पायातून वजा जात नाहीत. म्हणून लहान अबाधा ६ येते, पण ऋण. ऋण म्हणजे उलट दिशेची, असा खुलासा भास्कराचार्यांनी स्वतः केला आहे. लंबाचा पाद पायाच्या बाहेर पडतो. लंबपाद हा आदिबिंदू मानल्यास पायाची टोके (६, ०) व (१५, ०) आणि शिरोबिंदू (०, ८) होतो आणि तिन्ही बाजू अंतरसूत्राने पडताळून पाहता येतात. लांबीला दिशा असते व ती चिन्हाने दाखविता येते, ही कल्पना येथे निःसंदिग्धपणे आली आहे. यूरोपात ती भूमितीत स्थिरावण्यास सतरावे शतक संपावे लागले. तरीही यास वैश्लेषिक भूमिती म्हणता येणार नाही. भास्कराचार्यांचे भुज व कोटी त्या त्या त्रिकोणापुरते असतात. प्रतलातील प्रत्येक बिंदूला संख्यांची जोडी देणारी कायमची चौकट त्यांच्यापुढे नव्हती आणि तिची गरजही त्यांच्या प्रश्नांना नव्हती. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याचा उल्लेख असलेला शिलालेख चाळीसगावजवळील पाटणे (जि. जळगाव) येथे असून तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. [⟶ लीलावती].

देकार्त व फेर्मा : सतराव्या शतकात फ्रान्समध्ये प्येअर द फेर्मा व देकार्त (१५९६–१६५०) यांनी एकमेकांवर अवलंबून न राहता वक्र व समीकरण यांची सांगड घातली. फेर्मा यांचा निबंध १६३६ च्या सुमारास हस्तलिखित रूपात होता, परंतु तो त्यांच्या मृत्यूनंतर १६७९ मध्ये छापला गेला. त्यात वर्तुळाचे समीकरण आहे व त्याचा अर्थ ‘आदिबिंदूपासून ठराविक अंतरावर असणारे बिंदू’ असाच होतो. पण अंतराचा नियम निराळा काढून सांगितलेला नाही. देकार्त यांचा भूमितीवरील ग्रंथ १६३७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या आरंभीच एक रेषाखंड एकक मानून दोन रेषाखंडांचा गुणाकारदेखील रेषाखंडच असतो, असे ठरवून घेतले आहे. ग्रीकांचे बंधन येथे तुटले. अंतरसूत्राच्या दृष्टीने देकार्त यांची हीच खरी कामगिरी होय, अक्षांची कल्पना नव्हे. कारण त्यांच्या ग्रंथात पूर्वनियोजित काटकोनी अक्षांची जोडी क्वचितच दिसते आणि ऋण सहनिर्देशक जवळजवळ नाहीतच.

त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या भागात वक्राचा अभिलंब काढण्याची रीत आहे. अक्षावर मध्य असणारे व वक्राच्या दिलेल्या बिंदूतून जाणारे वर्तुळ घ्यावयाचे. ते वक्राला ज्या दोन बिंदूंत छेदते ते एकत्र येतील अशा रीतीने मध्य निश्चित केला की त्रिज्या अभिलंब होते. या रीतीत देकार्त त्रिज्येचा वर्ग एका सहनिर्देशकाचा वर्ग अधिक दुसऱ्या सहनिर्देशकांतील फरकाचा वर्ग असा मांडतात आणि कंस सोडवून पुढे जातात. हे अंतरसूत्रच आहे. पण देकार्त यांना ते नोंदवावेसे वाटले नाही. आकृतीतील एक काटकोन त्रिकोण, एवढेच त्यांच्या लेखी त्याचे स्थान. आकृती डोळ्यांसमोर असेतोवर सूत्राची उणीव भासत नाही, हे विलंबाचे पहिले कारण.

दुसरे कारण चिन्हांचे. बिंदू चारांपैकी कोणत्याही चरणात असू शकत असतील, तरच (क्ष′ − क्ष) ही एकच राशी सर्व परिस्थितींना पुरते. तसे नसेल तर कोठे बेरीज, कोठे वजाबाकी अशी प्रकरणे पाडावी लागतात. ऋण सहनिर्देशकांचा चारही चरणांत पद्धतशीर वापर न्यूटन यांच्या त्रिघाती वक्रांवरील निबंधात (१७०४) आढळतो. या दोन्हींच्या मधल्या काळात एक वैचित्र्यपूर्ण गोष्ट घडली. वक्राची लांबी काढण्याचे पहिले यशस्वी प्रयत्न १६५७ ते १६५९ या काळात विल्यम नील, हेंड्रिक व्हान ह्यूरात इत्यादींनी केले. त्यांत व लायप्निट्स यांच्या कलनात वक्राचा अत्यल्प खंड हा सहनिर्देशकांतील अत्यल्प फरकांवर उभारलेल्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण मानला जातो. म्हणजे सूत्राचे अवकल रूप त्याच्या सामान्य रूपाच्या आधी व्यवहारात आले.

क्लेरो : दोन बिंदूंमधील अंतराचे सूत्र प्रतलासाठी व त्रिमितीय अवकाशासाठी प्रथम छापले ते आलेक्सी क्लोद क्लेरो (१७१३–६५) यांनी, अवकाशातील वक्रांवरील आपल्या १७३१ च्या ग्रंथात. ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांचे वय १८ वर्षांचे होते आणि त्याच वर्षी नियमात सवलत देऊन त्यांना पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे सदस्य करण्यात आले. सूत्राची निकड प्रतलात नव्हे तर अवकाशात उत्पन्न झाली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. कागदावर अवकाशातील वक्र नीट काढता येत नाही. त्याच्या दोन प्रतलांवरील प्रक्षेपांवरून काम करावे लागते. डोळ्यांचा आधार सुटताच बीजगणितावर सर्व भार पडला आणि मग जे गृहीत धरले जात होते ते लिहून काढावे लागले.

पुढे ऑयलर यांनी १७४८ मधील ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात अक्षांच्या परिवर्तनाची सूत्रे दिली. लाग्रांझ यांनी १७७३ मध्ये चतुष्फलकाविषयीचे प्रश्न एकही आकृती न काढता केवळ सहनिर्देशकांच्या साहाय्याने सोडविले. १७९४ मध्ये स्थापन झालेल्या पॅरिसच्या ‘एकोल पॉलितेक्‍निक’ या संस्थेतील गास्पार माँझ यांच्या अध्यापनामुळे व स. फ्रां. लाक्र्वा यांच्या पाठ्यपुस्तकांमुळे बिंदू व सरळ रेषा यांची सूत्रे आधी आणि वक्र नंतर, हा आजचा शालेय क्रम पडला. तोपर्यंत वैश्लेषिक भूमिती म्हणजे शांकवांची भूमिती असाच अर्थ होता.

सूत्राचे स्थानांतर : एकोणिसाव्या शतकात सूत्राचा तार्किक दर्जाच बदलला. पायथागोरस यांचे प्रमेय यूक्लिड यांच्या समांतर रेषांच्या गृहीतकावर अवलंबून आहे. किंबहुना उरलेली गृहीतके मान्य केल्यास दोन्ही समतुल्य आहेत. निकोलाय लोबाचेव्हस्की व यानोश बॉल्यॉई यांनी अयूक्लिडीय भूमिती मांडल्यावर अंतरसूत्र हे सर्वत्र लागू पडणारे सत्य राहिले नाही. ते एका विशिष्ट भूमितीचे लक्षण ठरले. गाउस यांनी १८२७ मध्ये वक्रपृष्ठावरील अत्यल्प अंतराचा वर्ग तीन गुणांकांच्या द्विघाती राशीने मांडला. हानोव्हरच्या भूमापनाचे काम त्यांनी त्यापूर्वी स्वतः केले होते, हा योगायोग नव्हे. रीमान यांनी १८५४ च्या व्याख्यानात हीच कल्पना कितीही मितींच्या अवकाशास लावली. यांत गुणांक जागोजाग बदलतात आणि क्लेरो यांचे सूत्र हा ते सर्वत्र १, ०, १ असतानाचा सर्वांत साधा प्रकार होय.

हिल्बर्ट यांनी १८९९ मध्ये भूमितीच्या गृहीतकांची सुसंगतता दाखविण्यासाठी संख्यांच्या जोड्यांनाच बिंदू मानले. या भूमिकेवरून अंतरसूत्र सिद्ध करावयाचे नसते, ते व्याख्या म्हणून घ्यावयाचे असते आणि पायथागोरस यांचे प्रमेय त्यातून दोन ओळींत निघते. विद्यार्थ्यास प्रमेयावरून सूत्र शिकविले जाते आणि पुढे तेच सूत्र व्याख्या म्हणून त्याच्यापुढे येते. याबद्दल पाठ्यपुस्तके सहसा काही बोलत नाहीत. त्यात चक्रापत्ती नाही, कारण आरंभबिंदू निराळे आहेत. परंतु निवड का केली हे सांगणे आवश्यक आहे. अक्ष कोणत्याही कोनातून फिरविले, तरी सहनिर्देशक बदलतात पण फरकांच्या वर्गांची बेरीज बदलत नाही. केवळ फरकांच्या निरपेक्ष मूल्यांची बेरीज घेतली, तर तीही अंतराचे सर्व साधे नियम पाळते, मात्र अक्ष फिरविताच बदलते. काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांच्या शहरात वाहनाने कापावयाचे अंतर या दुसऱ्या प्रकारचे असते. हेर्मान मिंकोव्हस्की यांच्या संशोधनात अशा अंतरांचा सामान्य विचार आला. अंतराचे किमान नियम मॉरिस फ्रेशे यांनी १९०६ मध्ये सूत्रबद्ध केले.

भूमापनातील मर्यादा : सूत्र प्रतलाचे आहे आणि पृथ्वी प्रतल नाही. क्लेरो स्वतः १७३६–३७ मध्ये मोपेर्त्वी यांच्या मोहिमेबरोबर लॅपलँडमध्ये जाऊन रेखावृत्ताच्या अंशाची लांबी मोजण्यात सहभागी झाले. भारतात विल्यम लँब्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट टॉमस माउंट येथे सु. ७·५ मैलांची आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणास प्रारंभ केला, हे काम चालू असतानाच १८२३ मध्ये हिंगणघाट (जि. वर्धा) येथे त्यांचे निधन झाले. एवढ्या मोठ्या त्रिकोणांत कोनांची बेरीज १८०° पेक्षा अधिक भरते व दर १९६ चौ. किमी. क्षेत्रफळामागे ही वाढ सुमारे १ विकला असते. अशा ठिकाणी अंतरसूत्र तसेच लावता येत नाही.

अक्षांश-रेखांशाचे अंश सहनिर्देशक समजून सूत्रात घालणे ही नेहमी होणारी चूक आहे. विषुववृत्तावर रेखांशाचा १° सु. १११ किमी. असतो, तर मुंबईच्या अक्षांशावर तो सु. १०५ किमी. भरतो. म्हणून नकाशासाठी पृथ्वीच्या पट्ट्यांचे प्रतलावर प्रक्षेपण करून मीटरमध्ये सहनिर्देशक दिले जातात. सार्वत्रिक अनुप्रस्थ मर्केटर पद्धतीत प्रत्येक पट्टा ६° रुंदीचा असून त्याच्या मध्य रेखावृत्तावर प्रमाणगुणक ०·९९९६ असतो. त्यामुळे तेथे सूत्राने १०,००० मी. आलेले अंतर प्रत्यक्षात १०,००४ मी. असते. महाराष्ट्र ७८° पू. रेखांशाच्या दोन्ही बाजूंस पसरलेला असल्याने मुंबई ४३ व्या पट्ट्यात, तर नागपूर ४४ व्या पट्ट्यात पडते. दोहोंचे आदिबिंदू वेगळे असल्याने या दोन शहरांचे सहनिर्देशक एकाच सूत्रात घातल्यास येणाऱ्या उत्तरास काहीच अर्थ नसतो. अशा वेळी एका शहराचे सहनिर्देशक दुसऱ्याच्या पट्ट्यात बदलून घ्यावे लागतात किंवा विवृत्ताभावरील सूत्रे वापरावी लागतात.

संगणकावरील आकडेमोडीत निराळीच अडचण येते. रूढ द्विगुणित अचूकतेच्या पद्धतीत सु. १·८ × १० चा ३०८ वा घात याहून मोठी संख्या साठविता येत नाही. त्यामुळे फरक १० च्या २०० व्या घाताएवढा असल्यास अंतर साठविण्याजोगे असूनही त्याचा वर्ग मर्यादेबाहेर जातो. यावर उपाय म्हणून दोन फरकांपैकी मोठा वर्गमूळाबाहेर काढतात व लहान फरकास मोठ्याने भागून येणाऱ्या भागाकाराच्या वर्गात १ मिळवून त्याचे वर्गमूळ घेतात. अंतरांची केवळ तुलना करावयाची असेल, तर वर्गमूळ न काढता वर्गांचीच तुलना करणे पुरते.